मुरवलेली तबकडी

"अजून थोडी पिवळी होईल का?" श्रीरंगने घड्याळ पुन्हा दुकानाच्या काउंटरवरून घड्याळजी वैजयंतीपुढे सरकवलं.

वैजयंती उखडलीच. नवं घड्याळ जुनं दिसावं म्हणून तबकडी चहाच्या पाण्यात भिजवून, भट्टीत शेकून झाली होती. भोवतालचं निळं कडं ब्लीचमध्ये बुडवून फिकट केलं होतं. "अहो, घड्याळ आहे की लोणचं? किती मुरवू?"

श्रीरंग ओशाळला. "बाबांचं जुनं घड्याळ माझ्या हातून तलावात पडलं. त्यांना आता फारसं काही आठवत नाही, पण मनगट चाचपत दिवसभर तेच मागतात. हे दाखवलं, तर म्हणाले, माझं नव्हे."

"मग त्यांनाच घेऊन या!" ती वैतागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले आणि घड्याळ पाहताच भडकले. "शी! किती मळकं! माझं कसं लख्ख आहे."

वैजयंतीने कपाळावर हात मारला. कपाटातून त्याच बनावटीचं कोरं घड्याळ काढून तिने त्यांच्या मनगटावर बांधलं.

बाबांचा चेहरा उजळला. मग त्यांनी श्रीरंगकडे बघून डोळे वटारले. "हात लावायचा नाही हं, बाळ. कालच घेतलंय."

पन्नाशीच्या श्रीरंगने मुकाट्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.