पाचवी वीट

टेबलावर नकाशे पसरलेले होते, म्हणून संगणक विकायला आलेल्या बगसने नवा संगणक जमिनीवर ठेवला आणि वायर जोडली.

"तिथे नको," रेत्ना म्हणाली. "दोन चाळीसला पाणी येईल."

जकार्ताच्या त्या विक्रेत्याने खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं. "इबू, पाऊस कुठाय?" त्याने बाईंना अदबीने विचारलं.

सेमारांगच्या या किनाऱ्यावर पाण्याला पाऊस लागत नाही.

भिंतीशी चार विटांवर तिचा अकरा वर्षांचा संगणक घरघरत होता. जमीन खचेल तशी त्याखाली एकेक वीट वाढली होती. आतलं जवळजवळ सगळं तिने स्वतः बदललेलं. किनाऱ्यावरच्या सातशे घरांना भरतीची वेळ तोच सांगे. आज त्यावर बगसने 'परत' अशी चिठ्ठी डकवली होती. कार्यालयप्रमुख विर्योसाहेबांची सही झाली की तो उचलून नेणार होता.

"यात मेमरी वाढवता येते?" रेत्नाने विचारलं.

"नाही, इबू. हा बंदच येतो. जास्त हवं तर हा मोठा." त्याने माहितीपत्रकाचं पान उलटलं. "सिनेमावाले वापरतात."

विर्योसाहेबांनी किंमत वाचली आणि चष्मा काढला. "अहो, एवढ्यात पाणी उपसायचा पंप येतो."

"मधलं काही?" रेत्नाने विचारलं.

"मधलं कंपनी बनवत नाही. पत्रं लिहिणाऱ्याला छोटा, सिनेमावाल्याला मोठा."

"आणि आम्ही?"

बगस हसला. "तुमचं काम जरा अडनिडं आहे, इबू."

"नाइलाज आहे, रेत्ना," साहेबांनी पेन काढलं. "अनुदान या महिन्यात संपतं. छोटा घेऊ."

रेत्नाने घड्याळ पाहिलं आणि पाय खुर्चीवर घेतले. साहेबांनीही घेतले. पाणी दारातून आवाज न करता आत आलं. बगसला ते बुटात शिरल्यावर कळलं.

"आधी प्लग काढ!" ती ओरडली. मग पेचकस घेऊन तिने तो ओला डबा उलटा केला, सुलटा केला. "स्क्रू कुठाय?"

"नाहीये. कंपनीच उघडते."

"हिचा एकदा आख्खा बुडाला होता," साहेब म्हणाले. "उघडला, धुतला, पंख्याखाली वाळवला. तिसऱ्या दिवशी चालू." हे सांगताना त्यांची मान अशी ताठ झाली होती, की जणू तो त्यांनीच वाळवला होता.

बगस खुर्चीवर उकिडवा बसला. डबा मांडीवर निथळत होता. "हे उतरणार कधी?"

"चार दहाला." रेत्नाने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलंही नाही. वाकून तिने जुन्या संगणकावरची चिठ्ठी काढली.

"आणि पुढच्या वर्षी?" साहेबांनी विचारलं.

"सात सेंटिमीटर वर."

साहेबांनी पेनला टोपण लावलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते वीट शोधायला पाण्यात उतरले.