खंड्या

परसातल्या तळ्यावर एका निळ्या खंड्या पक्ष्याचा डोळा होता. परसाच्या फाटकावर बसायचा, सूर मारायचा आणि मासोळी चोचीत धरून पसार व्हायचा. आज मात्र बाबा पाण्याचा पाइप घेऊन कर्दळीआड दबा धरून बसले होते.

खिडकीतून लेकीने हाक दिली, "बाबा, खंड्या आलाय! फाटकापाशी आहे बघा!"

बाबांनी न बघताच कर्दळीवरून धार सोडली. "चोरा! लाडानं वाढवलेली माझी मासोळी न्यायला येतोस होय रे?"

फाटकाकडून शिंक ऐकू आली. निळा शर्ट, लांब नाक, नखशिखांत भिजलेला एक तरुण तिथे उभा होता.

लेक धावत आली. "अहो बाबा, हा माझ्या ऑफिसातला! नाकावरून आम्ही सगळे याला खंड्या म्हणतो."

बाबा ओशाळले. "माफ करा हं. काय काम काढलंत?"

तरुणाने लेकीकडे पाहिलं. ती लाजून तळ्याकडे बघू लागली.

"तुम्ही आत्ता ओरडलात ना काका, त्याच कामाला आलोय."

बाबा क्षणभर हातातल्या पाइपकडे बघत राहिले. मग त्यांनी नळ बंद केला.

"मासोळे," ते लेकीला म्हणाले, "टॉवेल आण गं याला."