जोडीतलं मत

"वॉली गेला," ब्रेट हास्किन्स कानाशी लागून म्हणाला. "वीस मिनिटं झाली. दवाखान्यातून आत्ताच फोन आला. फार वाईट झालं." आणि श्वासही न घेता पुढे म्हणाला, "म्हणजे तुम्ही सुटलात, एल्डन. आता बिनधास्त 'नाही' म्हणा."

राज्याच्या सिनेटमध्ये मतदान सुरू व्हायला पाचच मिनिटं होती. एल्डन ट्वेट आपल्या बाकावर तसाच बसून राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांचा रिपब्लिकन, सव्वीस वर्षं याच बाकावर. समोरच्या डेमोक्रॅटांच्या रांगेत वॉली सोबचाकचा बाक रिकामा होता.

आज मताला आलेलं विधेयक वॉलीचंच. घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवायची, एवढंच. म्हणायला एवढंच, पण त्यावरून आठ महिने दोन्ही पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. वॉलीने गोड बोलून, टोमणे पोटात घालून, रिपब्लिकनांतले तिघे वळवले. एल्डन त्या तिघांत नव्हता. माझ्या घरात कुलूप कशाला लावायचं हे सरकारने मला का सांगावं, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता आणि आजही त्याचं तेच मत होतं.

पण रविवारी वॉलीचा पलंगावरून फोन आला होता. "लेका, मंगळवारी मला काही उठवत नाही. जोडी धरतोस?"

जोडी ही या सभागृहाची जुनी रीत. एका बाजूचा माणूस आजारी पडला, तर दुसऱ्या बाजूच्या एकाने आपलंही मत द्यायचं नाही, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. सही नाही, कागद नाही, नुसता शब्द. गेल्या दहा वर्षांत कुणी धरली नव्हती.

"तुझं मत मागत नाही मी," वॉली खोकत म्हणाला, "माझं तेवढं वाया जाऊ देऊ नकोस."

"धरली जा. आता गप पड, गाढवा."

"एल्डन, ऐकताय ना?" ब्रेट पक्षाचा नेता, वय अडतीस, केस चापूनचोपून बसवलेले. "मेलेल्या माणसाशी जोडी नसते. मी नियम विचारून आलोय. तुम्ही 'नाही' म्हणालात की चोवीस-चोवीस, विधेयक पडलं. मत दिलंच नाहीत, तर एका मताने मंजूर. आणि मग पुढच्या निवडणुकीत तुमच्यासमोर आपलाच माणूस उभा असेल. हे मी नाही, वरचे म्हणतायत."

"आधी काय विचारलंस रे?" एल्डनने त्याच्याकडे न बघता विचारलं. "वॉली कसा गेला, की जोडी मोडली का?"

ब्रेटचे कान लाल झाले. "ही भावुक व्हायची वेळ नाही."

कधी होती मग? एल्डनला आठवलं, दिवसभर याच सभागृहात एकमेकांना सोलून काढायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही पक्ष एकाच टेबलावर तळलेले मासे खायचे. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला तो आणि वॉली एकाच गाडीतून. वॉलीला कधी एक हरीण मिळालं असेल तर शपथ! त्याची बडबड ऐकून अर्ध्या रानातली हरणं पळायची. "अरे, तोंडाला कुलूप लाव, मग कायदे कर," असं एल्डन ओरडायचा आणि वॉली आणखी मोठ्याने हसायचा. आता दोन पक्षांची कॉफीसुद्धा वेगळ्या खोल्यांत होते. एल्डनला ते दिवस परत हवे होते. जसेच्या तसे, त्या बडबडीसकट.

सभागृहाची कारकून अर्लीन नावं पुकारू लागली. चौतीस वर्षं तीच पुकारते. 'एस'पाशी आली, तेव्हा ती क्षणभर थांबली आणि एक नाव सोडून पुढे गेली. तिलाही कळलं होतं.

"ट्वेट."

एल्डन गुडघ्यांवर हात टेकून उठला. "माझी नवव्या मतदारसंघाच्या सदस्यांशी जोडी आहे. ते इथे असते, तर 'हो' म्हणाले असते. मी मोकळा असतो, तर 'नाही' म्हणालो असतो. म्हणून मी मत देत नाही."

सभागृहात गलका झाला. "हे काय आता नवीनच?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. सभापतींनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं उलटली, घसा खाकरला.

"सदस्य हयात नाहीत. तेव्हा जोडी संपलेली आहे. सभागृहात हजर असणाऱ्याला मत द्यावंच लागतं. हो की नाही, सिनेटर?"

ब्रेट खालून ओठ हलवून 'नाही, नाही' म्हणत होता. डेमोक्रॅटांच्या बाजूने दोन हात विनवणीला वर झाले होते. एल्डनने त्यांच्याकडेही पाहिलं नाही. त्याने खुर्चीवरचा कोट उचलला आणि टोपी घेतली.

"मग मलाही गैरहजर धरा," तो म्हणाला आणि मधल्या वाटेने चालू लागला. कुणीतरी "गद्दार!" म्हणालं. त्याने दार ओढून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात कुणी नव्हतं. आतून अर्लीनची दुसरी हाक आली. "ट्वेट." सव्वीस वर्षांत तो एकदाही या हाकेला गप्प राहिला नव्हता. सवयीने शब्द ओठांपर्यंत आला, तो त्याने गिळला. नियमाप्रमाणे अजून एक हाक बाकी होती.

"ट्वेट."

आवाज आत ऐकू जाऊ नये म्हणून त्याने टोपी तोंडावर घट्ट दाबून धरली आणि तो रडला.