कानातली नियमपुस्तिका

मानवजातीने खरं ज्ञान मिळवलं ते कानांनी. डोळ्यांनी वाचणं ही नंतर झालेली सोय आहे. प्रेमानंद गजभिये यांचं हे मत फार जुनं नव्हतं. रजेच्या नियमांचं पहिलं पान वाचता वाचता ते सोफ्यावरच झोपले आणि जागे झाले तेव्हा चष्मा पाठीखाली सापडला, त्या रविवारी ते बनलं.

विभागीय परीक्षा तोंडावर आली होती. कळमेश्वरच्या त्यांच्या सरकारी कार्यालयात अव्वल कारकुनाची एकच जागा रिकामी होणार होती. प्रेमानंद पास झाले तर ती त्यांची, कारण सेवा त्यांची जास्त. नापास झाले तर शेजारच्या टेबलावरच्या धर्मेंद्रची. फाइलला टॅग कसा ओवायचा हे धर्मेंद्रला प्रेमानंदांनीच शिकवलं होतं. उद्या त्यालाच ‘साहेब’ म्हणायचं, हा विचार नेमका जेवताना यायचा आणि घास तोंडातच फिरत राहायचा.

उपाय मुलीने काढला. भावना म्हणाली, “बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा न् फोनवर रेकॉर्ड करा. मग बसमध्ये ऐकत जा. माह्या कॉलेजात सगळे असंच करून राहिले.”

प्रेमानंदांनी बेडरूमचं दार लावलं, पंखा बंद केला आणि घसा खाकरून अर्जित रजेला सुरुवात केली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून बायकोने, मायाने, गॅस बारीक केला. रेकॉर्डिंग तयार झाल्यावर ऐकण्याचा पहिला मान तिलाच मिळाला.

“आवाज चांगला आहे,” माया म्हणाली. “पण दर वाक्याले नियम अमुक, पोटनियम तमुक काहून? टेशनवर उभं राह्यल्यासारखं वाटून राहिलं.”

“नियम आहे वं थो. नंबर पायजेच ना.”

“ऐकणार कोण? तुम्हीच ना? मंग गोष्टीवानी सांगा.”

प्रेमानंदांना हे पटलं. त्यांनी सगळे नंबर काढून टाकले आणि पुन्हा रेकॉर्डिंग केलं. आता मजा आली. निलंबित कर्मचारी घरी कसा तोंड पाडून बसतो, शेजारी कसे विचारतात, आणि अखेर त्याचा निर्वाह भत्ता कसा मंजूर होतो, हे ऐकताना तर खुद्द निवेदकाचाच गळा भरून यायचा. प्रताप नगरच्या घरून कळमेश्वरला जाणारा रोजचा बसचा रस्ता आधी संपता संपायचा नाही. आता रजा रंगात आली की नेमकं ऑफिस यायचं आणि उतरणं जिवावर यायचं.

ऑफिसातही एक कान कामाला आणि एक कान परीक्षेला अशी त्यांनी वाटणी केली. अधीक्षक आनंदराव साहेबांनी सगळ्या परीक्षार्थींना केबिनमध्ये बोलावलं आणि पेपरबद्दल बरंच काही समजावून सांगितलं. प्रेमानंद गंभीर चेहऱ्याने मान हलवत होते. त्यांच्या कानात प्रसूती रजा चालू होती.

धर्मेंद्रची तयारी पाहून मात्र त्यांना कीव यायची. तो ना वाचायचा, ना पाठ करायचा. कुणाकडून तरी मागून आणलेल्या फाटक्या नियमपुस्तिकेच्या पानांना रंगीत कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसायचा.

“काहून गा, पतंगीले शेपट्या लावून राहिला काय?” प्रेमानंदांनी विचारलं.

“चाललं आहे भाऊ आपलं काहीतरी,” धर्मेंद्र म्हणाला. “पुस्तकच धड नाही. मधली पानंच गायब आहेत.”

प्रेमानंदांचा जीव मोठा होता. त्यांनी ड्रॉवरमधून आपली नवीकोरी नियमपुस्तिका काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. “घेऊन जाय.”

धर्मेंद्रने पुस्तकाला हात लावला नाही. “मंग तुमचं कसं, भाऊ?”

“माहं सगळं इथं आहे.” त्यांनी कानाला हात लावला.

“पक्कं ना? मंग मले काही म्हणसान नाही ना?”

“पक्कं. माह्या पुस्तकानं तू पास झाला तर मलेच बरं वाटन.”

धर्मेंद्रने एकदा त्यांच्या कानाकडे पाहिलं. मग त्याने पुस्तक उचलून पिशवीत टाकलं. त्या दिवशीचा चहा त्यानेच पाजला.

परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी उमेदवारांची गर्दी होती. जो तो पुस्तकांनी वाकलेला. एका गृहस्थांनी तर सुतळीने बांधलेला गठ्ठा स्कूटरवरून आणला होता. आयुष्यभर झोपा काढायच्या आणि फाटकाशी येऊन वाचायचं, असं मनाशी म्हणत प्रेमानंद खिशातल्या दोन पेनांसह मोकळ्या हातांनी आत गेले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

प्रश्नपत्रिका हातात आली. त्यांनी प्रश्न वाचले आणि ते हसले. निलंबित कर्मचारी पहिल्याच प्रश्नात भेटला. पुढे अर्जित रजा, प्रसूती रजा, सगळी ओळखीची मंडळी. मनातल्या मनात त्यांनी अव्वल कारकुनाची खुर्ची खिडकीकडे सरकवून घेतली.

तेवढ्यात आजूबाजूला पानांची सळसळ ऐकू आली. सगळ्या बाकांवर पुस्तकं उघडली होती, आणि पर्यवेक्षक बाई शांतपणे फेऱ्या मारत होत्या. प्रेमानंदांना राहवलं नाही. ते उभे राहिले.

“मॅडम, हे सर्रास चालून राहिलं. पुस्तकं बाहेर ठेवायला सांगा ना.”

सगळी खोली वळून पाहू लागली. धर्मेंद्रने मात्र मान वर केली नाही. बाई प्रेमानंदांच्या बाकापाशी आल्या, आणि त्यांच्याच प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

‘पुस्तकांसह सोडवावयाची प्रश्नपत्रिका. नियम क्रमांक नसलेल्या उत्तरास गुण दिले जाणार नाहीत.’