इंजिनाची कानउघाडणी

"दर्यावर मर्दाला बायकोची गरज नसते," असं हिराजीने चार दिवसांपूर्वी जेवताना जाहीर केलं होतं. तेव्हापासून त्याच्या बायकोने, चांगुणेने, अबोला धरला होता. आज त्याची मोटरबोट बंद पडून खडकांकडे वाहत चालली होती.

एरवी रोज सकाळी चांगुणा बंदरावर येऊन इंजिनाला शिव्या घालायची, तेव्हा कुठे ते सुरू व्हायचं. आज ती आली नाही, तरी ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं, म्हणून हिराजी मिशीला पीळ देत निघाला होता.

आता इंजिनाची दोरी ओढून ओढून त्याच्या तळहाताला फोड आले.

"बाबा, आईला फोन लावू?" रिकामं जाळं आवरत लेकीने विचारलं.

"लाव. मी सांगितलं म्हणून सांगू नको."

तिने फोन इंजिनापाशी धरला. "मेल्या, अकरा वर्षं तुझे नखरे मी सोसते, आणि मीच नको झाले?" चांगुणा बराच वेळ बोलली. हिराजी मान खाली घालून ऐकत होता. इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

चार दिवसांत पहिल्यांदाच ती नवऱ्याशी बोलली. "अहो, येताना बाजारातून बांगडे घेऊन या."