मास्तरांची हरकत

"परवा मेर्सीच्या मातीला गेलात तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. पण आज संसदेत उठून बोलायचं काही नडलंय का?" पासिताबाई इस्त्री आपटत म्हणाल्या.

सेवेरो मास्तरांनी ताट दूर सारलं. समोरचा लसणीचा भात आणि सुका मासा गार होऊन गेला होता.

"दोन घास तरी खा."

"घशाखाली उतरत नाही गं."

मास्तर खासदार होऊन जमाना झाला, तरी लोक अजून त्यांना मास्तरच म्हणायचे. मेर्सी त्यांची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातावर घेतलं, मुळाक्षरं त्यांनीच शिकवली, आणि पुढं त्यांच्याच शाळेत ती बाई म्हणून लागली. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला सगळ्या शिक्षकांसारखी तीही शाळेतल्या मतदान केंद्रावर बसली होती. बंदूकवाले आले, पेटी मागू लागले. पोरगी हट्टाला पेटली, देईना. मग कुणीतरी बाहेरून शाळेला आग लावली. मेर्सी पेटीला कवटाळलेल्या अवस्थेत सापडली.

पेटीची राख झाली, पण त्या केंद्राचा निकाल मात्र सुखरूप मनिलाला पोचला. सगळी मतं गव्हर्नरला, त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या न्यायमूर्तींना एकही नाही. आणि त्याच केंद्रावर मास्तरांनी स्वतःच्या हातानं मतपत्रिकेवर न्यायमूर्तींचं नाव लिहिलं होतं!

"त्यानं सांगितलं होतं का आग लावायला?" पासिताबाईंचा आवाज चिरकला.

"त्यानं नसेल सांगितलं. पण त्याच्यासाठीच लावली ना?"

"एवढी वर्षं जपलेलं घर तुम्ही एका वाक्यात मोडणार."

"आज तू येऊ नकोस."

"का नको? मला आमंत्रण आहे. नवा झगा शिवलाय मी," असं म्हणून त्या पाठ फिरवून रडू लागल्या. मास्तरांना त्यांची फार दया आली. त्यांनी इस्त्रीचा गरम बारोंग सदरा अंगात चढवला आणि निघाले.

संसदेच्या पायऱ्यांवर विलामोर वकील वाटच पाहत होते. न्यायमूर्तींचे वकील. कोट चुरगळलेला, डोळे तांबारलेले.

"मास्तर, आमचे सगळे खासदार पळाले. वारं फिरलं तसे एकेक करून गव्हर्नरच्या पक्षात गेले. आणि सभासदाशिवाय हरकत घेता येत नाही. आम्ही वकिलांनी नुसतं मान डोलवत बसायचं!"

"मग माझ्याकडं काय?"

"खरं सांगू? तुमच्याकडं यायला तोंड नव्हतं मला. मेर्सीच्या आईनं पाठवलं. म्हणाली, मास्तर खोटं गिळायचे नाहीत."

मास्तरांनी कठड्याला धरलं. "तिला सांग..." एवढंच म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले.

आत शिरताना खासदार तिबुर्सियोनं गाठलं. मागच्या आठवड्यापर्यंत हा न्यायमूर्तींचे गोडवे गात होता.

"अहो मास्तर, मेलेल्या माणसासारखा चेहरा काय केलाय? गप्प बसा, मजेत राहा. गव्हर्नर तुम्हाला काही कमी पडू देणार नाही."

"मेर्सी परत देईल?"

तिबुर्सियो ओशाळं हसला आणि सटकला.

मतं मोजायचं कामकाज सुरू झालं. सचिव एकेका प्रांताचं नाव घेई, आकडे वाचून दाखवी. सभापती मान वर न करता विचारत, "हरकत?" आणि उत्तराची वाट न बघता हातोडा आपटत. मास्तरांचा प्रांत आला.

"हरकत?"

मास्तरांनी वर सज्जात पाहिलं. पुढच्या रांगेत पासिताबाई, हातात जपमाळ. अगदी मागं, काळ्या कपड्यांत मेर्सीची आई. दोघी त्यांच्याकडंच बघत होत्या. आयुष्यात इतके ते कधी भ्याले नव्हते. उठू नये असंच वाटत होतं.

पण उठले.

"माझी हरकत आहे."

सभापतींचा हातोडा वरच्या वर राहिला. "मास्तर, तुम्ही?"

"त्या पेटीतलं एक मत माझं होतं. मी ते न्यायमूर्तींना दिलं. इथं न्यायमूर्तींपुढं शून्य लिहिलंय. माझं मत जळालं तर जळू दे बापडं. पण जळालेल्या पेटीतून गव्हर्नरची मतं बाहेर कशी आली, तेवढं सांगा. आणि माझी पोर कशासाठी मेली, तेही..." त्यांना हुंदका आवरेना.

"दुजोरा आहे कुणाचा?"

खुर्च्या करकरल्या. कुणी चष्मा पुसू लागला, कुणी कागद चाळू लागला. तिबुर्सियो छताकडं बघत होता.

"नोंद घेतली," सभापती म्हणाले आणि हातोडा आपटला. "पुढचा प्रांत."

झालं. मेर्सीच्या जिवाची किंमत एवढीच. मास्तर मटकन खाली बसले. वर मेर्सीची आई पदरात तोंड खुपसावं तशी ओंजळीत तोंड घालून रडत होती. पासिताबाईंची खुर्ची रिकामी होती.

दुपारी निकाल जाहीर झाला. सगळं सभागृह उठून टाळ्या पिटू लागलं. मास्तर तेवढे बसून राहिले. दारं उघडली आणि सांपागिताच्या फुलांचे हार घातलेला गव्हर्नर आत आला. आता तो राष्ट्राध्यक्ष होता. माणसं हात मिळवायला तुटून पडली. त्यानं कुणाचाच हात धरला नाही. गर्दीतून वाट काढत तो थेट मास्तरांच्या रांगेकडं आला. टाळ्या थांबल्या. आता म्हाताऱ्याचं काही खरं नाही, असं वाटून विलामोर वकील जागेवरून अर्धवट उठले.

गव्हर्नर वाकला. मास्तरांचा हात उचलून त्यानं लहानपणी लावायचा तसा आपल्या कपाळाला लावला.

"आशीर्वाद द्या, बाबा," तो हळूच म्हणाला. "आई बाहेर गाडीत रडत बसलीय."