जेरोतिचचे किलोमीटर

घड्याळाने बारीक आवाज केला. पडद्यावर हिरवी खूण उमटली: पाठवलं. जेरोतिचने फोनवर ॲप उघडलं. तिचं पान कालच्यासारखंच कोरं होतं.

पहाटे सहाला ती घरातून निघाली होती. पस्तीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं, सगळा लाल मातीचा चढउतार. पोटऱ्यांत अजून गोळे येत होते. समोर चहा निवत चालला होता आणि ॲप सांगत होतं की या बाईने चोवीस दिवसांत एक पाऊलही टाकलेलं नाही.

इटेन गावातल्या धावपटूंना युरोपातल्या शर्यतींत धाडणारा एजंट मार्तेन हॉलंडला बसायचा. कोण किती धावतं ते तो या ॲपवरच बघायचा. लेक झाल्यापासून जेरोतिचला शर्यतीत उतरवायला तो तयार नव्हता. ऑक्टोबरच्या मॅरेथॉनला पेसर म्हणून घेतो, एवढंच त्याने कबूल केलं होतं. पंचवीस किलोमीटर पुढे राहून बाकीच्या बायकांना वेग द्यायचा आणि गुपचूप बाजूला व्हायचं. आज सकाळी त्याचा निरोप आला होता. ‘तुझं पान अजून कोरंच आहे. संध्याकाळपर्यंत काही दिसलं नाही तर दुसरीला घेतो.’ तिने घड्याळाचा फोटो पाठवला. ‘घड्याळाचे फोटो सगळेच पाठवतात,’ त्याचं उत्तर आलं.

“किमायो, तू तरी बघ जरा.”

तिचा नवरा दारात बसून छोट्या जेबेतला पेज भरवत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तोही धावायचा. गुडघा गेल्यापासून पडून असलेलं हे घड्याळ त्याने चोवीस दिवसांपूर्वी बायकोच्या मनगटावर बांधलं.

“नेटवर्क नसेल. उद्या येईल,” तो मान वर न करता म्हणाला.

“तीन आठवडे तुझा उद्याच चाललाय.”

“मग मी काय करू? मी काय टॉवर आहे?”

तिने सगळं करून पाहिलं होतं. घड्याळ बंद केलं, चालू केलं. ॲप काढून पुन्हा टाकलं. रोज धावून आल्यावर पाण्याच्या टाकीवर चढून हात आभाळाकडे धरून उभी राहिली. बरोबर धावणाऱ्या बायका खालून विचारायच्या, “जेरोतिच, घरबसल्या मॅरेथॉनची तयारी कशी करतात गं? आम्हालाही शिकव की.” आधी ती हसायची. नंतर हसेना.

चहा तसाच टाकून ती मटाटूच्या, म्हणजे मिनीबसच्या थांब्यापाशी न्याम्बुराच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. न्याम्बुरा या गावात नवीन होती, पण हाताला चटपटीत. तिने घड्याळ उलटंसुलटं केलं, फोनमध्ये काहीबाही उघडलं आणि म्हणाली, “घड्याळाला काही झालेलं नाही, ताई. रोज इमानदारीत पाठवतंय.”

“कुठे पाठवतंय?”

न्याम्बुराने फोन तिच्याकडे वळवला. “हे किमायो कोण?”

पानावर नवऱ्याचं नाव होतं, छातीवर नंबर लावलेला त्याचा जुना फोटो होता. आणि खाली तिचे चोवीस दिवस होते. मंगळवारचं ट्रॅक, गुरुवारचा चढ, आज पहाटेचे पस्तीस. घड्याळ अजून जुन्याच खात्याला जोडलेलं होतं. प्रत्येक धावेखाली लोकांचे अंगठे होते. ‘परत आलास, भावा.’ ‘गुडघा बरा झाला वाटतं.’ प्रत्येकाला उत्तरही गेलं होतं: ‘हळूहळू.’ मार्तेननेही लिहिलं होतं, ‘ठीक आहे. पण अजून जड धावतोस.’ त्याखाली किमायोने लिहिलं होतं, ‘देवाची कृपा.’

“हे तोडून तुझं जोडायला पाच मिनिटं लागतील,” न्याम्बुरा म्हणाली. “पण झालेलं इकडे येणार नाही. ते त्याच्याच नावावर राहील.”

घरी किमायो कपडे वाळत घालत होता. तिने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने वाचलं. हातातलं फडकं पिळत राहिला.

“पहिल्या दिवशी मलाही कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, परत आलास. दोन वर्षांत मला कुणी काही लिहिलं नव्हतं, जेरोतिच. मग सांगवेना.”

“आणि मी टाकीवर चढून हात वर करून उभी राहायचे तेव्हा?”

“बघत होतो.”

तिला ओरडायचं होतं. “मार्तेनला लिही,” ती शेवटी म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर.”

त्याने आपल्या फोनवर बराच वेळ एका बोटाने लिहिलं. ‘हे सगळं माझी बायको जेरोतिच धावली. मी दोन वर्षांत एकदाही धावलेलो नाही.’ तिने ते दोनदा वाचलं. त्याचा अंगठा बटणावर अडला होता, म्हणून तिनेच दाबलं.

दुपारभर जेबेतला मांडीवर घेऊन ती त्याच्याकडे पाठ करून बसली. चारच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. किमायोने वाचलं आणि फोन हातात घेऊन नुसता उभा राहिला.

“वाच की,” ती मागे न वळता म्हणाली. “दुसरीला घेतलं ना?”

त्याने शब्द शब्द करत वाचलं.

“‘पुरुष म्हणून हे आकडे बेताचेच होते, म्हणून मी नीट बघितलेच नाहीत. एक बाई या रस्त्यांवर इतकं धावत असेल, तर ती मला पेसर म्हणून नको. तिला सांग, बाजूला व्हायचं नाही. शेवटपर्यंत धावायचं.’”